एकशे सतरा नंबरचा खांब

दोमितिला खड्ड्याच्या खुणेवरच फतकल मारून बसली होती. उठायचं नाव घेत नव्हती.

"उठा की वहिनी," खोदकामाचा मुकादम तिसऱ्यांदा म्हणाला. "सांजपातूर आजून चार खड्डं काढायचं हाईत."

"काढा की. ह्यो सोडून काढा."

"असं कसं सोडून? खांब म्हंजे काय बटाट्याचं रोप हाय, हितं न्हाई तर तितं लावलं? मापानं लावावा लागतो, तवा तार ताणून बसती."

"मग तुमचं माप चुकलं म्हना. माझा नवरा आदी पडला हितं. तुमचा खांब मागनं आला."

मजूर तोंडं फिरवून हसले. मुकादमानं गवती टोपी काढून घाम पुसला. फेब्रुवारी, म्हणजे तिकडचा भर उन्हाळा होता. डोंगराकडून पुएल्चे नावाचा गरम, कोरडा वारा सुटला होता आणि कापलेल्या गव्हाच्या रानातली धूळ उचलून थेट तोंडावर मारत होता. दोमितिलाच्या पाठीशी गुडघाभर उंचीची अनिमिता होती, दगडामातीचं घरकुल, वर पत्रा, आत मेणबत्त्यांची वितळलेली थुटकं आणि कागदाची उडालेल्या रंगाची फुलं. ज्याला अवचित मरण येतं त्याचा जीव पडल्या जागीच बसून राहतो, म्हणून त्याला तिथंच घर बांधून द्यायचं. दोमितिलाच्या नवऱ्याचं, अबेलिनोचं घर तिथं अकरा वर्षं होतं, रेल्वे फाटकापासून वीस पावलांवर.

या साऱ्यांपासून जरा लांब सिप्रियानो उभा होता. हातात कॅमेरा, पण डोळ्याला लावलेला नाही.

सिप्रियानो लास तेंकास स्टेशनचा फाटकवाला. बावीस वर्षं तो फाटक पाडत आणि उचलत आला होता. फोटो काढायचा त्याला नाद, गावातली लग्नं, बारशी, मयती सगळं त्याच्याच कॅमेऱ्यात. उत्तरेकडून रेल्वेच्या विजेच्या तारा सरकत सरकत आल्या आणि उर्सुआ नावाच्या तरुण इंजिनिअरनं विचारलं, इथं कॅमेरा कुणाकडं आहे, तेव्हा सगळ्या गावानं एकच बोट दाखवलं. काम सोपं होतं. खड्ड्याआधी एक फोटो, खड्ड्याचा एक, खांब उभा राहिला की एक. वहीत नंबर घालून दोन ओळी लिहायच्या. राजधानीत त्याचा मोठा आल्बम व्हायचा होता.

एकशे सोळा खांबांपर्यंत सगळं नीट झालं. एकशे सतराची खूण अनिमितेच्या उंबऱ्यावर आली.

"काका, या जागेचा फोटो तिन्ही वेळा हलला," उर्सुआ त्याला आदल्या दिवशी म्हणाला होता. "बाकी सगळे कसे स्वच्छ आलेत."

"वारा हुता सायेब."

वारा नव्हता. कॅमेऱ्याच्या काचेतून त्या जागेकडं बघितलं की सिप्रियानोला मागचं फाटक वर उचललेलं दिसायचं. डोळा काढून बघावं तर फाटक खाली, नीट, कडी घातलेली. पुन्हा डोळा लावावा, पुन्हा वर. आणि चारच्या मालगाडीच्या वेळेला बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. ती तर अकरा वर्षं येत होती. बायकोला त्यानं एकदा विचारलं होतं, तुला आवाज येतो का गं. ती म्हणाली, कसला? मग त्यानं परत विचारलं नाही.

उर्सुआ आला. बाईला बसलेली बघून तोही तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, खांब हलवायचा तर वर कारण लिहून द्यावं लागतं. मी रेल्वेचा जुना कागद काढून बघितला. त्यात लिहिलंय, फाटक बंद होतं, गाडीवान दारू प्यालेला होता, त्यानं स्वतः फाटक उचललं. चूक त्याची. अशा माणसाच्या घरासाठी वरचे लोक खांब नाही हो हलवणार."

दोमितिलानं पदर सारखा करावा तसा अंगावरचा एप्रन सारखा केला. हे ती अकरा वर्षं ऐकत होती. प्लॅटफॉर्मवर राखेत भाजलेल्या भाकऱ्या विकताना, चर्चमध्ये, विहिरीवर. दारुड्याची बायको.

"आठवडाभर थांबतो," उर्सुआ मुकादमाला म्हणाला. "पुढचे खड्डे काढा."

सिप्रियानो घरी गेला आणि पलंगाखालचा बिस्किटांचा डबा काढून मांडीवर घेऊन बसला.

त्या साली गावच्या फुटबॉलवाल्यांनी कप जिंकला होता. नोव्हेंबरातला रविवार. अकराच्या अकरा जण प्लॅटफॉर्मच्या टोकाला कप घेऊन उभे राहिले आणि ओरडायला लागले, सिप्रियानो, ये रं, फोटू काढ! फाटक साठ पावलांवर. मालगाडीला वेळ होता. दोन मिनिटांचं काम, म्हणून तो फाटक तसंच वर ठेवून गेला. सगळ्यांना दाटीनं उभं केलं, हसा म्हणाला, काचेला डोळा लावला, तर पॉप्लरच्या झाडांवर धूर दिसला. गाडी लवकर आली होती. त्याला तो धूर दिसला. दिसला, आणि तरीही त्यानं मनात म्हटलं, एवढा एक काढतो. कळ दाबली. मग पळाला.

अबेलिनो आणि डावीकडचा बैल जागेवरच गेले. उजवीकडचा क्लावेल वाचला. तो पुढं कधी रूळ ओलांडेना, मारलं तरी ओलांडेना. शेवटी विकला.

चौकशीला आलेल्या माणसांना सिप्रियानोनं सांगितलं, फाटक पाडलं हुतं सायेब. रविवार होता, अबेलिनो रविवारी घ्यायचा, सगळ्यांना पटलं. फुटबॉलवाल्यांनी फोटो मागितला तर म्हणाला, फिल्म जळाली. गोलकीपर ओरोन्सियो अजून चिडवायचा, "आमचा फोटू खाल्लास व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातला फोटो छातीशी धरून तो दोमितिलाच्या चुलीपाशी गेला. ती राखेतून भाकरी उकरून काढत होती. फडक्यानं राख झटकत म्हणाली, "बसा भावजी. मेणबत्ती लावून आलात व्हय?"

दर सोमवारी मेणबत्ती लावणारा दुसरा कुणी नव्हता. ती त्याला याच मायेनं भावजी म्हणायची.

तो बसला नाही. "वहिनी, फाटक पडल्यालं नव्हतं," तो म्हणाला. "वर हुतं. म्या पोरांचा फोटू काढाया गेल्तो. धूर दिसला तरी काढत ऱ्हायलो. आन् मग खोटं बोललो."

एवढं बोलायला अकरा वर्षं लागली होती, आणि भाकरीवरची राख झटकून व्हायच्या आत ते संपलं. त्यानं फोटो पुढं केला.

तिनं हात पुसले. फोटो घेऊन दारात उजेडाला गेली. चुलीतलं लाकूड ढासळलं तरी ती हलली नाही. सिप्रियानो वाट बघत होता, ती आता ओरडेल, आता हातातलं फडकं तोंडावर मारेल.

"ह्ये कोन?" तिनं विचारलं. बोट फाटकावर नव्हतं. फाटकाच्या पलीकडं, फोटोच्या अगदी कडेला होतं. तिथं नखाएवढी बैलगाडी होती, आणि बैलांच्या पुढं एक माणूस चालत होता.

"अबेलिनो," सिप्रियानो म्हणाला.

"बैलांची पराणी खांद्यावर हाय."

"व्हय."

"सरळ चालतोय बघा. कसा ताठ चालतोय." मग तिचा आवाज फुटला. "माज्याकडं त्येचा एक फोटू न्हाई. लग्नातला सुदिक न्हाई. दोन वर्सं झाली, त्येचं नाक कसं हुतं त्ये मला आठवंना. रोज आठवते, न्हाई आठवत. आन् तू... अकरा वर्सं तू माजा नवरा डब्यात घालून ठेवलास व्हय रं?"

भावजी संपला होता. फाटकाचं पाप घेऊन तो आला होता, ते एवढी वर्षं उशाशी घेऊन झोपला होता. हे दुसरं त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"लिही," ती म्हणाली. "त्या सायबाच्या वहीत लिही. आन् रविवारी समद्यांम्होरं वाच. मला वाचता येत न्हाई, पर ऐकू येतंय."

त्यानं लिहिलं. एकशे सतरा नंबरच्या पानावर जिथं दोन ओळी लिहायच्या तिथं दोन पानं लिहिली आणि फोटोची एक प्रत चिकटवली. उर्सुआनं ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग बाकावर बसून पुन्हा वाचलं.

"काका, निवृत्तीला सहा महिने राहिलेत तुमचे. नोकरी जाईल. तुरुंगसुद्धा होईल कदाचित."

"व्हऊ दे."

"नक्की धाडू?"

"धाडा सायेब. मागनं माजं मन फिरंल, त्याआदी धाडा."

रविवारी प्रार्थना सुटल्यावर माणसं प्लॅटफॉर्मवर जमली. सिप्रियानोनं वाचलं. वाऱ्यानं कागद फडफडत होता, तो दोन्ही हातांनी धरावा लागला. वाचून झाल्यावर कुणी शिवी दिली नाही. ओरोन्सियो गोलकीपर पुढं आला, आता केस पांढरे झालेला, गुडघे गेलेला. त्यानं फोटो घेतला, आपल्या माणसांवरून एकेक करून बोट फिरवलं, आणि धुराशी येऊन थांबला.

"ह्यात आमी हसतोय रं," तो म्हणाला, आणि फोटो बाकावर पालथा ठेवून निघून गेला. पाठोपाठ बाकीचेही गेले. अकरा वर्षं मागितलेला फोटो एकानंही घरी नेला नाही.

दोमितिलानं फक्त एक काम सांगितलं. तो नखाएवढा माणूस मोठा करून दे. सिप्रियानोनं तळहाताएवढा करून दिला. मोठा करताना चेहरा विरून गेला, नुसते काळे पांढरे ठिपके राहिले. तो म्हणाला, वहिनी, ह्यात काय दिसत न्हाई. तिनं फोटो डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाली, "ह्योच हाय." तो फोटो अनिमितेत काचेमागं बसवला. मेणबत्ती आता ती स्वतः लावायची. सिप्रियानोनं आणलेली तिनं परत दिली.

तीन आठवड्यांनी वरून कागद आला. खांब क्रमांक एकशे सतरा चार मीटर दक्षिणेला सरकवावा. कारण, जमीन भुसभुशीत.

"भुसभुशीत?" सिप्रियानोनं विचारलं. "हितली जमीन तर कातळावानी हाय."

उर्सुआनं मान खाली घातली. "वरच्या अर्जात मी जमिनीचं लिहिलं होतं, काका. खाली तुमची पानं जोडली होती."

"आन् माज्या पानांचं काय?"

"त्यावर काही आलं नाही."

त्या महिन्यात नाही आलं, पुढच्याही नाही. सिप्रियानो रोज टपालाची थैली उतरताना उभा राहायचा. ट्रंकेत कपड्यांचा एक जोड त्यानं बांधून ठेवला होता, पोलीस आले तर वेळ नको म्हणून. कुणी आलं नाही. दोन पानं कुठल्यातरी कपाटात जाऊन पडली असतील. गावात बायका त्याच्याकडं बघून दार लोटून घ्यायच्या, पण ज्यांनी शिक्षा द्यायची त्यांना वाचायलाही सवड नव्हती. घंटा चारला वाजतच राहिली.

कागद आला त्याच मार्चमधल्या एका दुपारी, पावणेचारला, दोमितिला फाटकापाशी आली. भाकऱ्यांची टोपली खाली ठेवली, रुळाकडेच्या दगडावर बसली. त्यानं फाटक पाडलं. ती उठली, आडव्या दांड्याला हात लावून बघितला, कडी हलवून बघितली, पुन्हा बसली. गाडी गेली. ती टोपली घेऊन निघून गेली. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. ही शिक्षा म्हणायची की सोबत, ते सिप्रियानोला कळेना, आणि विचारायचं धाडस होईना.

ऑगस्टात पहिली विजेची गाडी आली. निशाणं, बँड, राजधानीची माणसं, तारांखाली उभं राहायला गावानं धुवून घातलेले कपडे. चारला पाच मिनिटं असताना उर्सुआ प्लॅटफॉर्मच्या टोकावरून ओरडला, "काका, या लवकर! आल्बमचा शेवटचा फोटो! तिपाईवर कॅमेरा तयार आहे!"

सिप्रियानो फाटकाचा दांडा धरून उभा होता. दगडावर दोमितिला बसली होती, त्याच्याकडं बघत.

"न्हाई येत सायेब!" तो ओरडला.

"अहो, दोन मिनिटांचं काम!"

"न्हाई येत!"

कॅमेरा हाताळणारा दुसरा कुणी नव्हता. गाडी आली. धूर नाही, धापा नाही, नुसता वाऱ्याचा एक झोत अंगावरून गेला आणि तारा किंचित कुरकुरल्या. एवढी मुकी गाडी गावानं कधी बघितली नव्हती. टाळ्या वाजवायचंही लोकांना उशिरा सुचलं. राजधानीतल्या त्या आल्बमात लास तेंकासच्या शेवटच्या पानावर नुसतं गावाचं नाव आणि तारीख आहे, वर कोरी जागा.

दोमितिला उठली. टोपली डोक्यावर घेतली. पाच महिन्यांत पहिल्यांदा बोलली.

"उद्या बी चारलाच हाय न्हवं ही?"

"व्हय. चारलाच."

"ऐकू येत न्हाई येताना," ती म्हणाली. "यावंच लागंल मला."