आत ओढलेला होकार

आमच्या एकमत सरकारसारखं प्रेमळ सरकार शोधून सापडायचं नाही. रोज सकाळी ते प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात येऊन विचारतं, "सहमत?" येतं म्हणजे भिंतीवरच्या पेटीतून येतं. आधी बातमी सांगतं, मग मत विचारतं. आपण "हो" म्हणायचं. पेटी शेवटचा आवाज खरा धरते, हिरवा दिवा लावते, आणि माणूस दिवसभर कसलाही विचार न करायला मोकळा होतो.

मी मूळची स्वीडनच्या दक्षिणेतली, स्कोनेची. आमच्याकडचा हो म्हणजे खणखणीत, शेजारच्या गोठ्यातल्या गाईनेही मान वर करावी असा. त्यामुळे पेटी माझ्यावर बेहद्द खूश. आदर्श नागरिक म्हणून मला बिल्लासुद्धा मिळाला. बातम्यांतल्या एका अक्षरावर माझा विश्वास नव्हता, पण ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

माझा नवरा सिक्स्टेन मात्र इथला, उत्तरेकडच्या विंडेल नदीकाठचा. इकडच्या माणसांना शब्द खर्च करायचा भारी कंटाळा. हो म्हणायचं झालं तर ओठांचा चंबू करून हवा आत ओढतात: श्श्युप्. झाला होकार. आमचं लग्न माहेरच्या चर्चमध्ये झालं. पाद्र्याने त्याला पुन्हापुन्हा विचारलं, त्याने पुन्हापुन्हा श्श्युप् केलं, आणि माझ्या आईला वाटलं, जावयाला दमा आहे.

पेटीही दक्षिणेतच बनलेली. तिला श्श्युप् म्हणजे उसासा वाटला. उसासा म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे लाल दिवा. गावभर लाल दिवे लागले. सिक्स्टेन तर सरकारचा परमभक्त, टीव्हीवर अध्यक्ष दिसले की टोपी काढणारा! आधी शेजारच्या होल्गरला विश्रांतिगृहात नेलं. तिथे शंकेखोरांना इतकी विश्रांती देतात, की कुणी परत यायचं नाव काढत नाही. त्याचा कुत्रा आमच्याकडे राहायला आला. मग सिक्स्टेनला ताकीद मिळाली: शुक्रवारी तपासनीस येतील, होकार स्पष्ट ऐकू आला नाही तर तुम्हीही विश्रांतीला.

मी त्याची तालीम घ्यायला बसले.

"म्हण, हो."

"श्श्युप्."

"अरे देवा! तोंडाने म्हण!"

"मग हे काय कानाने केलं?"

मी बातमी सांगायची आणि त्याने हो म्हणायचं, असं ठरलं. "यंदा बटाटे दुप्पट पिकले. सहमत?"

"ह... हो." तो थबकला. "मग तू बटाट्याचे उकडलेले गोळे, पाल्ट, का नाही केलेस एवढ्यात?"

"बटाटे कुठे मिळतायत?"

"आणि मी हो म्हटलं?"

आत ओढलेला हो त्याला आजवर कधी ऐकूच आला नव्हता. आता स्वतःचाच आवाज कानावर पडला आणि घात झाला. ऐन म्हातारपणी माझा नवरा विचार करायला लागला. रात्री अंथरुणात मला विचारतो, "व्हेंडला, अध्यक्षांना निवडलं कुणी गं?" मी म्हटलं, "झोप मुकाट्याने."

शुक्रवारी तपासनीस आली. नाव पेट्रोनेला, वय कोवळं, बूट चकचकीत. इकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे तरंगताना पाहून तिने कप लांब सरकवला.

"अभिनंदन, सिक्स्टेनकाका! सरकारने तुमच्या बोलीचा अभ्यास केलाय. आजपासून या भागात आत घेतलेला श्वास म्हणजे होकार. पेटीला तसं शिकवलंय. तुम्ही काही बोलू नका, नुसता श्वास घ्या."

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. सुटलो!

"म्हणजे आधी चूक झाली होती," सिक्स्टेन म्हणाला.

"सरकारची चूक होत नसते."

"मग होल्गर?"

"ते स्वखुशीने गेलेत." तिने पेटीचं बटण दाबलं.

"होल्गर स्वखुशीने विश्रांतीला गेले," पेटी म्हणाली. "सहमत?"

सिक्स्टेनने तोंड घट्ट मिटलं आणि नाक चिमटीत धरलं. तो लाल झाला, मग जांभळा. टेबलाखाली होल्गरचा कुत्रा केकाटायला लागला.

"अरे, घे ना श्वास! मरशील मेल्या!" मी त्याच्या पाठीत धपाटे घालत होते आणि रडत होते.

शेवटी छातीत होती नव्हती ती हवा त्याने बाहेर सोडली, शब्दासकट. "नाही!"

गोठ्यातल्या गाईने नक्की मान वर केली असणार. पण माणूसच तो, पुढचा श्वास घ्यावाच लागला. श्श्युप्.

हिरवा दिवा लागला.

पेट्रोनेलाने दिव्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा उतरला होता. "पेटी चुकत नाही," ती म्हणाली आणि घाईघाईने निघून गेली.

सिक्स्टेन पेटीपुढे उभा राहून पुन्हा ओरडला, "नाही!" धाप लागली, श्वास घेतला. हिरवा. पुन्हा ओरडला. पुन्हा हिरवा. शेवटी तो खुर्चीत बसला आणि कुत्र्याने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. नवरा वाचला होता, आणि माझ्याने त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"व्हेंडला, तुला तरी ऐकू आलं ना?"

माझा तो बिल्ला मिळवलेला हो काही केल्या गळ्यातून बाहेर येईना. मी ओठांचा चंबू केला आणि हवा आत ओढली.

भिंतीवर हिरवा दिवा लागला.