वाढत्या अंगाचा गणवेश

मापांचा कागद हातात पडला आणि शिंपीणकाकूंचं टाळकं सटकलं. परदेशातल्या एका गरीब मुलीची शाळा आणि औषधपाणी एक संस्था बघायची, पण तिचा गणवेश सहा वर्षं काकूच शिवून पाठवायच्या. दरवर्षी मापं आली की पोरगी कशी ताडमाड वाढतेय, हे त्या गल्लीभर सांगत सुटायच्या. यंदा मात्र उंची तीच, छाती तीच, कंबरही तीच.

काकू तडक संस्थेच्या ऑफिसात गेल्या. "दहा वर्षांची पोर वर्षभरात एक सूतही वाढत नाही? तिला जेवायला घालता, की नुसते फोटोच काढता?"

"बसा ना, काकू," कारकूनबाई म्हणाल्या.

"उभीच बरी आहे मी. तिथल्या डॉक्टरला फोन लावा."

कारकूनबाईंनी फोनला हात लावला नाही. "काकू, ती तापानं गेली. पाच महिने झाले. मापांच्या रकान्यात काय लिहावं ते तिथल्या शाळेतल्या बाईंना सुचेना, म्हणून त्यांनी मागचीच मापं उतरवली. आणि तुम्हाला सांगायचा मला धीर झाला नाही."

घरी येऊन काकूंनी निळं कापड पसरलं. लेकराचं काहीही शिवताना त्या खाली चार बोटं कापड दुमडून ठेवायच्या; अंग वाढलं की उसवता येतं. आज आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गणवेश नेमका मापाला बेतला.