वाक्कानाईतली चुकीची बांग

मी एक जुनं, अजान देणारं भिंतीवरचं घड्याळ आहे. हसू नका मित्रांनो! अक्कल माझ्यात बेताचीच, पण आवाज मात्र खणखणीत. हर्णैच्या बाबा परकारांनी मला मुंबईच्या बाजारातून आपल्या लेकीसाठी, रुकय्यासाठी घेतलं. ती शिकायला जपानला निघाली होती. माझ्या पोटात कितीतरी शहरांच्या नमाजाच्या वेळा भरलेल्या आहेत. जपानचं मात्र त्यात एकच शहर, टोकियो.

टोकियोत आम्ही निशी-कसाईला राहत होतो. मोठा भूकंप नुकताच होऊन गेला होता, म्हणून लोक भिंतीवरचं सगळं घट्ट बांधत. मलाही तारेने बांधलं. पण काय थाट होता माझा! मी संध्याकाळची बांग दिली की शेजारच्या सुमेधावहिनी भिंतीपलीकडून ओरडायच्या, "रुकय्या, तुझं घड्याळ बोललं गं, कुकर लावते!" मग गरम भाताचा डबा यायचा. ते दिवस मला फार आवडायचे.

पुढे रुकय्याला वाक्कानाईला काम मिळालं. जपानच्या पार उत्तर टोकाला, समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत शिंपल्यांचा अभ्यास. पहिल्याच उन्हाळ्यात माझी फजिती झाली. मी टोकियोच्या वेळेला सूर्यास्ताची बांग दिली, आणि खिडकीत बघतो तर सूर्य अजून समुद्रावर! इथे उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो आणि नंतरही उजेड आकाशात रेंगाळतो, हे मला बापड्याला काय ठाऊक? रुकय्याने माझा आवाज बंद केला. मी भिंतीवर मुकाट लटकत राहिलो.

रात्रीच्या नमाजाची, इशाची वेळ तर तिलाही कळेना. मोबाईलवरची दोन ॲप दोन वेगवेगळ्या वेळा सांगायची. ती उशिराची वेळ धरून जागत बसायची. इथली उन्हाळ्यातली रात्र वीतभर, त्यामुळे डोळा लागतो न लागतो तोच पहाटेचा नमाज. दिवसा पोरगी पेंगायची. गावात मराठी बोलणारं कुणी नाही, मशीद फार लांब. विचारायचं कुणाला? एकटीसाठी स्वयंपाकही करेनाशी झाली. कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ओनिगिरी हा भाताचा गोळा आणायची, तोही अर्धाच खायची. मला सगळं दिसायचं आणि जीव तुटायचा.

एका संध्याकाळी तिने फोन लावला. "बाबा, मी परत येते. नाही जमत मला इथे. साधी इशाची वेळ कळत नाही!"

"अगं, आपल्यात काय बघतात? पश्चिमेची लाली गेली की इशा. खिडकी आहे ना तुला?" बाबा म्हणाले. "आणि आपलं घड्याळ काय म्हणतं?"

"ते चुकीच्या वेळी ओरडतं. बंद ठेवलंय."

बाबांनी विचारलं, "मग घरात तुला हाक कोण मारतं गं?"

रुकय्या ढसाढसा रडली. फोन ठेवल्यावर स्टुलावर चढली आणि तिने माझा आवाज सुरू केला.

आता मी टोकियोच्या वेळेला इशाची बांग देतो. ती म्हणते, "कळलं रे, अजून अवकाश आहे!" मग तांदूळ धुते, कुकर लावते, आणि खिडकीशी उभी राहून लाली बघते. धुकं असलं तर लालीशी जुळणारं ॲप आहेच. लाली गेली की नमाज पढते, जेवते, झोपते. घरी परत जायचं अजूनही कधीतरी बोलते, पण मलाच सांगते.

मित्रांनो, जुन्या घड्याळाची वेळ चुकत असेल, तर वेळ खुशाल दुसरीकडे बघा. पण घरात माणूस एकटं असेल, तर घड्याळाचा आवाज तेवढा बंद करू नका.