चार खिळे

माहा बाप पळपुटा. सत्त्याहत्तर वर्षं मी हेच आयकून राह्यली. रझाकारांसंग नाल्यावर लढाई झाली, गावचे सात गडी पडले, रझाकारांनी त्यायले तिथंच एका खड्ड्यात लोटलं. अन् महिपत तेवढा पळाला, असं गाव सांगे. मी तवा आईच्या पोटात होती. आई मरेपर्यंत कुंकू लावून वाट पाह्यत राह्यली. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या पाहून बाया तोंडाले पदर लावून हासत. त्या बायांचा मले आजबी राग येते.

म्हनून यंदा कापूस निघाल्यावर हैदराबादहून जुन्या लढायांच्या जागा शोधणारे लोक आले, तवा मी त्यायच्या मागंच लागली. मले एकच पायजे होतं: त्या खड्ड्यात सात हायेत का आठ. त्यायच्यातली अश्विनी इकडच्याच मावल्या गावची, आपल्या बोलीतली. दोन दांड्यांचं मशीन घेऊन ती वावरात सरळ रेषेत चाले. न खोदता जमिनीतलं लोखंड दिसते म्हने. जवळ लोखंड चालत नाई, म्हनून तिनं माह्या पदराची पिनबी काढाले लावली.

"आजी, माफ करा हां."

"काढ ना माय! पिनीनं काय नागवी होईन मी?"

तिसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉपवर नकाशा दाखोला. नाल्याकाठी लोखंडाचे काळे ठिपके विखुरलेले. "ही लढाई," ती म्हने. मंग तिनं दूर बोट ठेवलं, उद्धवदादाच्या जुन्या खळ्यावर. तिथं चारच ठिपके. चार कोपऱ्याले चार, अन् मधात खोदून बुजवलेली माती, मानसाच्या लांबीची.

"हे काय असंन, आजी?"

म्या ते चार ठिपके बोटानं मोजले. घातानं मेलेल्या मानसाले पुरलं, की आमच्यात चार कोपऱ्याले खिळे ठोकतात, तो उठून घरी येऊ नये म्हनून. रझाकार हे कायले करतीन? हे आपलेच लोक करतात.

उद्धवदादा तिथंच काठी टेकून उभा होता. त्याचा बाप तवा गावचा पाटील, अन् तो दहाएक वर्षांचा पोरगा.

"दादा, कोन हाये तिथं?"

तो काठीसकट खाली बसला. मंग म्हने, "मालन, तुहा बाप पळाला नव्हता. जखमी होऊन आला होता. रझाकार घरोघर झडती घेऊन राह्यले होते, अन् तो कण्हत होता. बाबानं त्याचं तोंड दाबलं. गाव वाचवाले. जास्त वेळ दाबल्या गेलं."

"अन् पळाला म्हनून काऊन सांगितलं?"

"तुह्या आईले काय सांगितलं असतं?"

थू! आईले कोनी धड रडूबी देलं नाई. मेलेल्याले भेऊन खिळे ठोकले, म्हनूनच मशीनले दिसला माहा बाप. नाईतर मीबी पळपुट्याचीच पोरगी म्हनून मेली असती.

"आता खोदा," म्या अश्विनीले म्हन्लं.

उद्धवदादानं माहा हात धरला.  "खोदा, पन खिळे काढू नका, मालन. तो उठंन."

"उठू दे," म्या म्हन्लं. "कुठं जाईन तो? घरीच येईन ना."