काही तक्रार नाही ना?

प्रशिक्षण म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. मी ठाण्यातलं शस्त्रागार सांभाळते. बिल्ला घ्यायचा, पिस्तूल द्यायचं. पिस्तूल जमा झालं की बिल्ला परत करायचा. खिडकीला गज आणि गजांच्या आत मी. घरातल्या भांडणात धोका कसा ओळखावा, हे शिकून मी काय बंदुकांना सांगणार होते? पण सगळ्यांनी बसायचं असा साहेबांचा हुकूम निघाला, तेव्हा कुलूप लावून गेले आणि मागच्या रांगेत बसकण मारली.

पुढच्या रांगेत माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बसला होता. ठाण्यात त्याला गोडबोल्या म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमानच आहे. कुठेही नवरा-बायकोची जुंपली की यालाच धाडतात. हा जातो, नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला जिन्यात नेतो, दोन शब्द दटावून आणि दोन समजुतीचे सांगतो, आणि परत दारात उभा राहून बाईला विचारतो, "ताई, आता काही तक्रार नाही ना?" नवरा याच्या शेजारीच असतो. बाई मान हलवते. मिटलं. आमच्याकडे सगळे असंच करतात, हा फक्त सगळ्यांत छान करतो. आमच्या आईचा तर हा जावई जीव की प्राण. पोटच्या पोरींचं नसेल एवढं त्याचं कौतुक; आणि खरं सांगायचं तर मलाही तो आवडायचा.

सकाळच्या चहाला त्यानं सगळ्यांना हसवलं. बायकोचा घसा बसलाय, आवाजच फुटत नाही, घरात नुसता स्वर्ग आहे, म्हणाला. मीही हसले. म्हटलं, जावईबापू, तिच्या जिभेचा पट्टा परत सुटला की कळेल. त्यानं एका कानात इअरफोन खोचला होता. सामना चालू होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

शिकवायला आलेली बाई पूर्वी इस्पितळात अपघात विभागाची नर्स होती. अंगानं काटकुळी, आवाज मुळीच चढवत नव्हती. पण आमच्या त्या जिन्यातल्या पद्धतीची तिनं पहिल्याच तासाला सालं काढली. नवरा ऐकत असताना बाईला विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतोच, म्हणाली. ती नवऱ्याचीच धमकी असते, फक्त पोलिसाच्या तोंडून आलेली. माझ्या शेजारचा हवालदार पुटपुटला, आता ठाणंच बायकांच्या ताब्यात द्या. मी त्याच्या बुटावर बूट ठेवला. पण मनातून मलाही ती जरा अतीच वाटली.

मग ती गळ्यावर आली. ज्यानं बायकोचा एकदा गळा दाबलाय त्याला नुसत्या मारकुट्यापेक्षा जास्त भ्या, म्हणाली. तो पुढे जीव घेण्याची भीती कितीतरी वाढते, आणि त्याच्या हाताशी हत्यार असेल तर बघायलाच नको. बऱ्याचदा वरून खूण दिसत नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, आणि घरातले सगळे सर्दी झाली म्हणतात.

गोडबोल्यानं हात वर केला. "मॅडम, खूण नसेल तर डॉक्टरला तरी कळतं का?"

बाई खूश झाली. असे प्रश्न विचारा, म्हणाली. आतून तपासलं तर पुष्कळ कळतं, पण लवकर नेलं तर. काही दिवस गेले की सूज उतरते. त्यानं मान डोलावली आणि ते नीट लिहून घेतलं. मला त्याचा सकाळच्या चहाचा विनोद आठवला.

जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. पोलिसाला जिकडेतिकडे चोरच दिसतो, असं आई म्हणते ते काही खोटं नाही. घसा काय कुणाचाही बसतो. पण डबा तसाच झाकून ठेवला. दुपारभर तो वर्गात अडकलेला असणार आणि ती घरी एकटी असणार होती. मी शस्त्रागारातल्या कामाचं निमित्त सांगितलं आणि सटकले.

तिनं दार उघडलं. कपड्यांच्या घड्या घालत होती. पलंगावर त्याचा गणवेश इस्त्री करून ठेवलेला, टेबलावर पाण्याचा पेला. तिनं एक घोट घेतला आणि गिळताना डोळे घट्ट मिटले. आणि मी, एवढं सकाळपासून ऐकून आलेली मी, काय विचारावं? "काय गं, सगळं ठीक ना?"

"हो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि तिनं नजरेनंच टेबल दाखवलं. पेल्याशेजारी तिचा फोन होता. पडद्यावर त्याचं नाव आणि कॉल चालू. गोडबोल्याच्या कानात सामना नव्हता, माझी बहीण होती.

तोंडाला सवय असते, ते चालू राहिलं. अगं, घसा बसलाय म्हणे, मीठ घालून गुळण्या कर, आईनं विचारलंय, असं काहीबाही मी मोठ्यानं बडबडत राहिले. बडबडत असतानाच मी माझा हात माझ्याच गळ्यावर ठेवला, बोटं आवळली आणि तिच्याकडे पाहिलं. ती बघत राहिली. मग तिनं हो म्हणून मान हलवली, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. आवाज मात्र अजिबात केला नाही. त्याची तिला चांगलीच सवय झालेली दिसली. माझ्या धाकटीला, जी लहानपणी खरचटलं तरी आळी डोक्यावर घ्यायची. मला इतका संताप आला की त्या गणवेशाच्या चिंध्या कराव्याशा वाटल्या.

"बरं, मी निघते," मी म्हणाले. "तू अंघोळ करून घे, बरं वाटेल." न्हाणीघरात बादलीत नळ सोडला, फोन उचलून तिथेच दाराशी ठेवला, आणि तिच्या चपला हातात घेऊन तिला अनवाणीच जिना उतरवला.

इस्पितळात डॉक्टरनं आतून तपासलं आणि सूज आहे म्हणून दाखल करून घेतलं. मी वर्गातल्या बाईला फोन लावला. वर्ग संपताच ती आली आणि बहिणीच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसली. बहीण मात्र माझा हात सोडेना. त्याची नोकरी जाईल, माझंच तोंड सुटतं, तू काही करू नकोस ताई, एवढंच घोगरं घोगरं सांगत राहिली. तक्रार द्यायची नाही, म्हणाली. त्याच्या पिस्तुलाबद्दल विचारलं तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळ चोळलं. लेखी तक्रार नाही तर ते तरी काय करणार, माणूस आपला आहे, घरचं घरात मिटवा, म्हणाले. रात्रपाळीच्या माणसाचं हत्यार लेखी आदेशाशिवाय अडवलं तर तुमच्यावरच कारवाई होईल, हेही वर ऐकवलं. मी बरं म्हटलं आणि येऊन शस्त्रागार उघडलं.

संध्याकाळी खिडकीपुढे रांग लागली. एकेकाला पिस्तूल देत गेले. त्याचं पिस्तूल मागच्या फळीवर होतं. गोडबोल्या पुढे आला, बिल्ला ठेवला आणि नेहमीसारखा हसला.

"ताई, घरी नळ दुपारपासून वाहतोय," तो हळूच म्हणाला. "हिचा पत्ता नाही. तुम्हाला काही बोलली का?"

मी बिल्ला त्याच्याकडे परत सरकवला. आज नाही मिळणार, म्हणाले. रांगेतले मागचे माना उंचावून बघायला लागले. साहेब दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यानं हसू तसंच ठेवलं, गजांवर हात टेकले आणि आवाजात मध आणून विचारलं, "का ताई, काही तक्रार आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "माझी."

आणि खिडकीची झडप खाली ओढली.