फौजदार गप्प झाला

दारावरची बेल वाजली की आधी फौजदार भुंकायचा, आणि मग घरातल्यांना कळायचं की बेल वाजली. दूधवाला असो, पोस्टमन असो, नाहीतर किल्ली विसरून गेलेला घरचाच माणूस असो, दारातच त्याची उलटतपासणी व्हायची. म्हणून तर त्या तांबूस, एक कान पडलेल्या कुत्र्याला फौजदार नाव पडलं. नऊ वर्षांच्या नोकरीत गड्याने एकदाही रजा घेतली नव्हती.

तो राहायचा भावाच्या घरात, पण होता अक्काचा. अक्का म्हणजे थोरली बहीण. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची आणि खिडकीशी बसून शर्टांना काजं-बटणं करून द्यायची. बोलणं इतकं हळू, की भावजय म्हणायची, "वन्सं, तुमचं बोलणं ऐकायचं तर आधी पंखा बंद करावा लागतो." अक्का नुसती हसायची. पायाशी पडलेला फौजदार तिच्या वाटचंही बोलून टाकायचा, मग तिने कशाला तोंड शिणवावं?

पुढे खालच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांची बायको अंथरुणाला खिळली. एके दिवशी हेडमास्तर जिना चढून वर आले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, पण ते हात जोडून उभे राहिले.

"तिचा डोळा लागायला दोन दोन तास जातात हो. आणि हा एकदा भुंकला की..."

भाऊ शरमेने अर्धा झाला. त्याने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. "एक महिना द्या, सर. तेवढ्यात हा गप्प झाला नाही, तर गोदामावर राखणीला देऊन टाकतो याला."

ते गोदाम अक्काने पाहिलं होतं. तिथे कुत्र्यांना हातभर साखळीने खांबाला बांधलेलं असायचं, पाऊस असो की ऊन. दुसऱ्या दिवसापासून तिने दोन गोष्टी सुरू केल्या. एक, ऐकीव युक्ती: बेल वाजल्यावर कुत्रा भुंकला नाही, की लगेच बिस्किटाचा तुकडा द्यायचा आणि डोक्यावरून हात फिरवायचा. दुसरी तिची स्वतःची. रोज सकाळी प्रार्थनेला बसायचा तिचा नेम होताच. त्यात तिने मौनाची भर घातली. उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत चकार शब्द नाही. ‘देवा, माझी वाणी तुझ्यापाशी ठेवते,’ ती मनात म्हणाली, ‘त्याची तेवढी आवर.’

आठ-दहा दिवस काहीच घडलं नाही. बेल वाजायची, फौजदार जिना दणाणून सोडायचा, आणि बिस्किटांचा डबा भरलेला तो भरलेलाच. मग एके सकाळी तो भुंकला खरा, पण आवाज घोगरा आला.

"साहेबांचा घसा बसला वाटतं!" भाऊ दाढी करता करता हसला.

दोन-तीन दिवसांत ते भुंकणं अर्ध्यावर आलं, आणि मग थांबलंच. बेल वाजली की फौजदार उठायचा, दारापर्यंत जायचा, तोंड उघडायचा, मिटायचा आणि वळून अक्काकडे बघायचा. अक्काचे डोळे भरून यायचे. ती लगबगीने तुकडा पुढे करायची. तो तुकडा तो कितीतरी वेळ तोंडातच धरून बसायचा, कधी हळूच तिच्या पायाशी ठेवून द्यायचा.

"बघा, हावरटपणासुद्धा गेला," भावजय म्हणाली. "नाहीतर आमच्याकडची माणसं!"

"मला कशाला मध्ये ओढतेस?" भाऊ म्हणाला.

पूर्वी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ताटली चाटूनपुसून लख्ख व्हायची. आता तो मान वाकडी करून सावकाश खायचा, अर्धी शितं खाली सांडायचा. झोपायच्या तरटावर लाळेचा ओला डाग असायचा. शर्टातला एक सैल टाका अक्काच्या बोटांना अंधारातही कळायचा, आणि हे तर सगळं उजेडात, तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. तिला दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण तिने ती देव प्रसन्न झाल्याची खूण मानली.

महिना भरला त्या दिवशी संध्याकाळी हेडमास्तर वर आले. आभार मानायला आले होते.

"जादू केलीत, अक्का. महिन्याभरात असं शहाणं केलंत! माझी शाळेत हयात गेली, पण मला नाही कधी जमलं."

"मी काही नाही केलं," अक्का पुटपुटली. पण चेहरा उजळला होता.

तेवढ्यात फौजदार पाणी प्यायला उठला. दोन-चारदा जीभ बुडवली आणि खोकला. पाणी नाकातोंडातून परत आलं, फरशीवर पसरत हेडमास्तरांच्या चपलेपर्यंत गेलं. तांबूस होतं.

हेडमास्तर पाण्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या हिचंही आधी बोलणंच कमी झालं होतं. मला वाटलं, वय झालं, शांत झाली. मी मेला चारचौघांत कौतुक करत फिरत होतो."

अक्काने कोपऱ्यातली साखळी उचलली.

जनावरांची डॉक्टर तरुण होती. तिने फौजदारचा जबडा उघडून आत बॅटरी धरली आणि बराच वेळ बघत राहिली. मग अक्काचा हात घेऊन त्याच्या गळ्याशी, जबड्याच्या खाली नेला. बोटांना सुपारीएवढी कडक गाठ लागली. शेजारी दुसरी. इतके दिवस हाच हात रोज डोक्यावरून फिरत होता. चार बोटं खाली उतरला नव्हता.

"भुंकणं कधीपासून बंद आहे?"

"दोन-अडीच आठवडे झाले."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, ऐकलं."

"कुणी?"

डॉक्टरने हात धुतले, पुसले.

"दुखतंय म्हणून कुत्रं सहसा ओरडत नाही, मावशी. रोज जे करतं, ते करायचं सोडतं. नवीन काय करतोय ते सगळे बघतात. काय सोडलं, ते कुणी बघत नाही." मग जरा थांबून ती म्हणाली, "गाठ घशात आत पसरली आहे. कापून निघायची नाही. दुखणं कमी व्हायला औषध देते. मऊ, पातळ खायला घाला. तेही गिळेनासा झाला की मला बोलवा, मी घरी येईन. त्याला इथवर ओढत आणू नका."

"आधी आणलं असतं तर?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिली. "थोडं आधी कळलं असतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का प्रार्थनेला बसली, पण मागायला काही सुचेना. उठून खिडकीशी आली आणि मांडीवर शर्ट घेतला. मौन सुटलं नव्हतं. महिना भरला तरी तोंडाला कुलपाची सवय झाली होती. फौजदार पायाशी पडून होता. श्वास घरघरत होता.

बेल वाजली.

तो उठला. मागचे पाय लटपटले, तरी दारापर्यंत गेला. मान वर करून तोंड उघडलं. आतून नुसती हवा आली. त्याने पुन्हा जोर लावला, छातीच्या फासळ्या हलल्या. मग तो वळला, आणि शिकवल्याप्रमाणे अक्काकडे बघत उभा राहिला. बिस्किटासाठी.

डबा हाताशी होता. अक्काने त्याला हात लावला नाही. तिने शर्ट बाजूला ठेवला, छातीभर श्वास घेतला आणि जन्मात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला.

"कोण आहे? कुठून आलात? काय काम आहे?"

भाऊ तोंडाला साबणाचा फेस लावलेला तसाच धावत आला. स्वयंपाकघरात भावजयीच्या हातून पळी पडली. दारापलीकडून घाबरा आवाज आला, "मी हो, दूधवाला... रोजचाच."

फौजदारने उभा कान टवकारून ऐकून घेतलं. तपासणी झाली होती. तो हळूहळू परत आला, तरटावर बसला आणि अक्काच्या पावलावर हनुवटी टेकली.

खाली हेडमास्तरांचं दार उघडलं. अक्का जीव मुठीत धरून बसली. पण जिन्यातून काही शब्द आला नाही. थोड्या वेळाने ते दार तितक्याच हळू लागलं.

तिने खाली वाकून त्याच्या गळ्याशी हात नेला, गाठीला न दुखवता तसाच ठेवला. दुपारच्या जेवणाला अजून चार तास होते.