परातीतलं पाणी

हबीबनं ड्रमवर वरून खालपर्यंत बोटानं टिचक्या मारल्या. निम्म्यात आल्यावर आवाज बदलला, तसा तो उकिडवा बसला.

"वहिनी, पाणी किती घालता ह्या झाडाला?"

"माझ्या अंघोळीचं सगळं." केसरबाईनं पदरानं मान पुसली. "पानं पिवळी पडाय लागली तसं प्यायचंबी घालते. टँकरचं वाटून येतं, अजून कुठून आणू?"

हबीब नेकनूरच्या बाजारात फळांचा गाडा लावायचा. इथल्या उन्हात तगणाऱ्या सफरचंदाचं हे कलम त्यानंच दोस्ताला, आश्रुबाला, आणून दिलं होतं. आश्रुबा गावच्या दूध सोसायटीत मापाड्या. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं. तेव्हा त्यानं तिथला रिकामा ड्रम मागून आणला, कापला, त्यात हे झाड लावलं. जन्मभर कीर्तनकारामागं टाळ घेऊन उभा राहिलेला माणूस. देवळात सगळ्यांदेखत बोलून गेला, की झाडाचं पहिलं फळ सप्त्याच्या काल्यात पडेल.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. आता तो ओसरीत खाटेवर असायचा. संध्याकाळी केसरबाई झाडाला पाणी घाली. तो आवाज कानावर पडल्याशिवाय आश्रुबा घासाला तोंड उघडत नसे.

"खाली भोकं हायत का?"

"हायत की. ह्यांनीच पाडलीत, सळई तापवून."

दोघांनी ड्रम कलता करून विटांवर टेकवला. हबीबनं तळाला हात फिरवला. भोकं होती, पण प्रत्येकात चिंधी ठासलेली. वर डांबर, आणि डांबरावर अंगठा गोल फिरवल्याची खूण. केसरबाईनं नवऱ्याची खूण ओळखली. घरातली गळकी घागर ह्याच अंगठ्यानं लिंपलेली होती.

हबीबनं फळं कापायच्या सुरीनं एक चिंधी ओढली. काळं, कुजक्या वासाचं पाणी भसकन बाहेर आलं. केसरबाई धावत जाऊन परात घेऊन आली.

"थेंब वाया जाऊ नये म्हणून बुजवली आसतील," हबीब हलक्या आवाजात म्हणाला. "तुमच्या खेपा वाचाव्यात म्हणून."

त्यानं बुडाशी माती उकरली. मुळाची साल बोटाला चिकटून आली.

"साऱ्या मुलखात झाडं पाण्यावाचून जळाय लागलीत, अन् हे येडं बुडून मेलं."

फांदीवर लिंबाएवढं एकच फळ होतं. हात लागताच ते गळून पडलं. केसरबाईनं ते उचलून कनवटीला खोचलं.

"ह्यांना सांगू नका, हबीबभाऊ."

"मी कावून सांगीन?"

ओसरीतून खाटेवर ठकठक झाली. चांगल्या हातानं तो असंच बोलवायचा. केसरबाई दारात जाऊन उभी राहिली.

"हबीबभाऊ आलेत. म्हणत्यात, झाड लई ब्येस हाय. काल्यापत्तोर फळ पिकंल."

हबीबनं मान खाली घालून चपला पायात सरकवल्या. चहाला थांबला नाही.

दिवस कलला. ड्रम सरळ करून तिनं विटांवर ठेवला आणि खाली परात सारली. तांब्या परातीतच बुडवला. ओसरीत ऐकू जावं म्हणून हात उंच धरून तिनं सावकाश धार सोडली. आतून खाटेच्या लाकडी दांडीवर बोटांचा ठेका सुरू झाला.

माती भिजली आणि खालून परातीत थेंब पडू लागले. भोकं बुजवल्यापासून हा आवाज घरात नव्हता.

ठेका थांबला.

केसरबाई तांब्या धरून तशीच उभी राहिली. मग आत गेली, वरणात भाकरी कुस्करली. तिच्याच्यानं त्याच्याकडं बघवेना. घास उचलून तिनं हात पुढं केला, तर आश्रुबाचं तोंड आधीच उघडलेलं होतं. गालावरून ओघळ उतरून दाढीत गेला होता.

त्यानं घास गिळला. बाहेर थेंब पडतच होते. थोड्या वेळानं त्या थेंबांवर त्याच्या बोटांनी पुन्हा ठेका धरला.